बू सुकाप्तीच्या गाण्यांचं गाठोडं

१

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बू सुकाप्तीचा आवाज दुसऱ्यांदा गेला.

पहिल्यांदा गेला तेव्हा कुणाच्या हातात काही नव्हतं. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. गामेलानच्या, म्हणजे आमच्या घंटा-ढोलांच्या वाद्यवृंदाच्या साथीला असा गळा अख्ख्या बांतुल जिल्ह्यात नव्हता. आता बाई कानाशी येऊन कुजबुजते, आणि दमली की खुणांवर येते. पण ऑपरेशनच्या आधी, पावसाळाभर, मी तिची गाणी रेकॉर्ड करून घेतली होती. मी म्हणजे पार्योनो. मशिदीच्या वळणावर झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ते माझंच. गाणी ठेवली होती गामेलान मंडळाच्या कॉम्प्युटरवर, पेंडोपोत, म्हणजे खांबांच्या मोकळ्या मंडपात, वाद्यांच्या शेजारी. दुसरी प्रत कुठेही नाही. बू सुकाप्तीनेच बजावलं होतं, माझा आवाज बाजारात फिरायला नको, आणि गाण्यांत कापाकापीही नको, आहे तसा राहू दे. आमच्याकडे मोठ्या बाईला बू म्हणतात, आणि या बूपुढे कोण बोलणार.

आता तिच्या एकुलत्या एका लेकीचं, गेंदिसचं, लग्न. पोरीचा एकच हट्ट होता. नवरा-नवरी समोरासमोर येतात त्या वेळी आईचाच आवाज वाजला पाहिजे. दागिने नसले तरी चालतील, आई गायलीच पाहिजे, असं तिने सासरच्यांनाही तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून मी सकाळी स्पीकर जोडायला पेंडोपोत गेलो आणि मशीन चालू केलं. गाण्यांचा फोल्डर गायब. कचरापेटीही रिकामी. फोल्डरच्या जागी त्याच नावाची एक झिप फाइल बसलेली. आतल्या गाण्यांची नावं दिसत होती, एकूण एक, पण कुठलंही उघडायला गेलं की मशीन पासवर्ड मागायचं.

तेवढ्यात गेंदिस आली. तिच्यापासून काही लपवता येईल असं तोंड माझ्याकडे नाही. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांबाला टेकून खालीच बसली. मी लहानपणापासून तिचा लिक, म्हणजे काका.

"आईला कळता कामा नये, लिक पार," ती म्हणाली. "तिने एकदा सोसलंय. परत नको."

मग तिने डोळे पुसले आणि बू वुर्यानला बोलावणं धाडलं. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

२

बू वुर्यान नवरीमुलींना नटवते. या भागातल्या एकाही नवरीच्या कपाळावरची काळी नक्षी गेल्या कित्येक वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातची नाही. आंघोळीचं पाणी कुठल्या विहिरीचं, आधी पाया पडायचं की आधी चहा द्यायचा, सगळं तिच्या शब्दावर. नवरी आरशासमोर बसली की तिला हलता येत नाही, आणि तेवढ्या वेळात बू वुर्यान तिच्या पोटातलं सगळं बाहेर काढते. त्यामुळे गावातल्या निम्म्या भानगडी तिला ठाऊक असतात आणि उरलेल्यांचा अंदाज असतो. धिप्पाड बाई. सायकलवरून उतरली की सायकलच मोकळा श्वास घेते.

ती आली, मशीनला हात न लावता भोवती फिरली, आणि पहिला प्रश्न मशीनचा विचारलाच नाही. त्यावर धूळ बसू नये म्हणून घालतात ते फडकं उचलून तिने विचारलं, हे सकाळी बांधलेलं होतं का. मी म्हटलं, हो, आणि गाठ अशी काही घट्ट की दातांनी ओढावी लागली. तिने फडक्याची घडी केली आणि कमरेला खोचली.

"बरं, पार. हे असलं कुलूप लावायला गावात येतं कुणाला?"

इथे मी जरा खोकलो. कारण उत्तर असं होतं की मला येतं, आणि मी ज्यांना शिकवलं त्यांना.

गेल्या वर्षी रोजांच्या महिन्यात गावासाठी मी फुकट कॉम्प्युटर वर्ग काढला होता. सगळ्या गावाला आमंत्रण, आले तीनच जण. एक गेंदिसचा बाप पाक प्रावोतो, मंडळाचा ढोलवाला. दुसरा पाक सुमाराह, मंडळाचा प्रमुख. तिसरा मास बाग्यो, लग्नाला लाउडस्पीकर भाड्याने देणारा. तिघांना मी शिकवलं की फोल्डर म्हणजे घरभर पसरलेलं सामान. ते दाबून बसवायचं, गाठोडं बांधायचं, त्याला कुलूप घालायचं. गाठोडं बांधून झालं की पसारा फेकून द्यायचा आणि कचरापेटी रिकामी करायची. सरावाला मंडळाचा सगळ्यात मोठा फोल्डर घेतला होता, हाच गाण्यांचा. सरावात फक्त गाठोडी करायची आणि मोडायची, मूळ सामानाला हात लावायचा नाही. इतकं सरळ शिकवलं होतं मी.

बू वुर्यानने विचारलं, "आणि पासवर्ड काय ठेवायला सांगितलास?"

वेतोन, मी म्हटलं. आमच्याकडे माणूस स्वतःचं नाव विसरेल, पण वेतोन विसरणार नाही. जन्माचा वार आणि त्या दिवशीचा बाजारवार, दोन्ही जोडून. सात वार, पाच बाजारवार. पण नुसता स्वतःचा वेतोन ठेवला तर शेजारीसुद्धा कुलूप उघडेल, कारण एकमेकांचे वेतोन सगळ्यांना पाठ. म्हणून मी युक्ती सांगितली होती, आधी स्वतःचा आणि त्याला लागून आपल्या सगळ्यांत लाडक्या माणसाचा. ते कोण, हे कुणालाही सांगायचं नाही. त्या युक्तीचा तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता.

म्हणजे हजारावर जोड्या. आणि मंडळाचं मशीन असं म्हातारं की एक पासवर्ड चुकला की बराच वेळ घुम्यासारखं बसून राहायचं. फाइल माझ्या दुकानात नेऊन बघतो म्हटलं, तर बू वुर्यानने साफ नाही म्हटलं. संशयिताच्या हाती माल द्यायचा नाही.

"संशयित? मी?"

"गाण्यांच्या आसपास रोज कोण होतं? कुलपाची विद्या कुणाला येते? तूच पहिला. पण तुझ्यात एवढी हिंमत नाही, म्हणून तुला शेवटी ठेवते. बोलाव तिघांना."

३

मास बाग्योला कारण होतं. नवरा-नवरीच्या भेटीच्या वेळी स्वतःच्या विजेच्या पेटीवर गाणं वाजवायचं, हे त्याने महिनाभर आधी ठरवलं होतं आणि गेंदिसने त्याला हाकलून लावलं होतं. पासवर्ड विचारल्यावर म्हणाला, माझा वेतोन आणि आईचा. टाकला. मशीन घुमलं, बसलं, नाही म्हणालं. बू वुर्यान नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मी दुसऱ्यावर चाललेलं पाहिलं तरी मला घाम फुटतो. शेवटी बाग्यो मान खाली घालून म्हणाला की वर्गात घातला होता तो आईचा नव्हता, मोठ्या लाउडस्पीकरचा होता. घरी आणला तो दिवस रविवार क्लिवोन. तोही टाकला. उघडलं नाही, पण बाग्योच्या आईच्या कानावर ते दुपारच्या आत गेलं आणि त्याला जेवायला कुणी हाक मारली नाही.

पाक सुमाराहलाही कारण होतं. जिवंत वादक बसलेले असताना मशीनचं गाणं लावायचं म्हणजे मंडळाचा अपमान, असं तो चारचौघांत बोलला होता. लाडक्या माणसाचं नाव मात्र सांगेना. त्याची बायको तिथेच आल्याचा काढा देत होती. सुमाराह तिच्याकडे बघे, छताकडे बघे. अखेर कळलं की वर्गातला दुसरा वेतोन त्याच्या पिंजऱ्यातल्या होल्याचा होता, अंड्यातून बाहेर आला तो गुरुवार पाहिंग. बायकोने पेला जरा जोरातच ठेवला. होल्याच्या वेतोनानेही कुलूप उघडलं नाही.

"बरं झालं, चोरी झाली," बायको म्हणाली. "नाहीतर हे मला कधी कळलं असतं?"

उरला पाक प्रावोतो. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाप जसा असतो तसाच तो होता, घामाघूम आणि कुणाच्या नजरेला नजर न देणारा. त्याने पासवर्ड लगेच सांगितला, स्वतःचा आणि गेंदिसचा. गेंदिसचा मंगळवार पोन, सगळ्या गावाला माहीत. तो उच्चारताना त्याने सुस्कारा टाकला, आणि का ते आम्हाला ठाऊक होतं. लग्न ठरवताना दोघांच्या वेतोनांचे अंक मिळवतात आणि बेरजेवरून संसार कसा होईल ते सांगतात. गेंदिस आणि तिचा तेगार, यांची बेरीज नेमकी संशय आणि भांडणांच्या घरात पडली होती. एक अंक जास्त असता तर म्हातारपणापर्यंत सुख. एकच. तेगार हट्टाने उपाशी बसला म्हणून त्याच्या आजीने होकार दिला, पण तेव्हापासून ती म्हातारी, म्बाह कासिनेम, गेंदिसला बघितलं की मान हलवायची.

प्रावोतोचा पासवर्डही चालला नाही. मी हात टेकले. बू वुर्यानने मात्र कमरेचं फडकं काढून त्याच्यापुढे टाकलं आणि म्हणाली, प्रावोतो, मशीनवर हे जरा बांधून दाखव.

त्याने न बघता बांधलं. कोपरे आत, दोन वळसे, खालून ओढून गाठ, ढोल गवसणीत घालून बांधतात तशी. बांधता बांधता त्याचे हात थांबले.

"अख्ख्या गावात अशी गाठ मारणारा एकच माणूस आहे," बू वुर्यान म्हणाली. "काल इथे काय केलंस?"

प्रावोतो ढसाढसा रडला. नवरा-नवरीचे फोटो आणि व्हिडिओ त्याला मशीनवर ठेवायचे होते, उद्या मोठ्या पडद्यावर दाखवायला. मशीन म्हणालं, जागा नाही. त्याने बघितलं तर गाण्यांचा एक फोल्डर आणि त्याच नावाचं एक गाठोडं. त्याला वाटलं, हे वर्गातलं आपलंच गाठोडं, मोडायचं राहून गेलं. मग त्याने पार्योनो सरांनी शिकवलं होतं तेच केलं. गाठोडं आहे, म्हणजे पसारा फेकायचा, कचरापेटी रिकामी करायची. वर व्हिडिओ ओतले. आणि सकाळी पासवर्ड घालून पाहिला तर गाठोडं त्याचं नव्हतंच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आयुष्यात एकाच विद्यार्थ्याने माझा धडा शब्दशः पाळला, तो हा असा.

४

म्हणजे चोर नव्हताच. पण कुलूप खरं होतं, आणि ते लावणारा कुणीतरी होता. दुपारच्या आंघोळीच्या विधीला बू वुर्यानने फुलांचं पाणी गेंदिसच्या डोक्यावर ओतलं, मंत्र पुटपुटली, आणि ओल्या हातांनी तडक पेंडोपोत परत आली.

"हे गाठोडं बांधलं कधी? मशीन सांगतं का?"

मशीन सांगतं. गेल्या वर्षी रोजांचा महिना, एक गुरुवार, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानीच्या जरासं नंतर.

ती संध्याकाळ मला चांगली आठवत होती. अजान झाली तशी सगळे उठून बाहेर पायऱ्यांवर गेलो. नारळाच्या दुधातला केळ्यांचा कोलाक होता, मी वाढत होतो, आणि बाग्योने इतक्या वाट्या रिचवल्या की सुमाराहने त्याच्यावर कविता केली. चौघेही बाहेर होतो. रोजा सोडल्यावर शिकायला परत कोण बसतं? तिथूनच सगळे घरी गेले. म्हणजे त्या वेळी आत कुणीच नव्हतं, पेंडोपो रिकामा होता.

"कोलाक कुणी आणला होता?" बू वुर्यानने विचारलं.

मी पायऱ्यांकडे वळून बघितलं.

"अजान झाल्यावर गावातला जो तो बाहेर खायला धावला," ती म्हणाली. "ज्याला रोजा सोडायचाच नव्हता असं कोण होतं, पार? डॉक्टरांच्या औषधामुळे त्या वर्षी रोजे कुणाचे सुटले होते?"

बू सुकाप्ती. रोज पातेलं घेऊन यायची, ते बाहेर ठेवायची, आणि आम्ही उठेपर्यंत मागे उभी राहून बघायची. मी तिला विद्यार्थ्यांत धरलंच नव्हतं. कुणीच धरलं नव्हतं. आणि सकाळपासून आम्ही गावभर चौकशी केली, होल्याला सोडलं नाही, फक्त तिला विचारलं नाही. कारण तिच्यापासून तर सगळं लपवायचं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. तिचा वेतोन शनिवार लेगी. सगळ्यांत लाडकं माणूस कोण, हे का विचारायला हवं? मी शनिवार लेगीला लागून मंगळवार पोन टाकला आणि हात जोडून बसलो. मशीन घुमलं. बसलं. बराच वेळ बसलं.

नाही म्हणालं.

मग नवऱ्याचा टाकला. नाही. तिच्या आईचा, बापाचा. नाही. प्रावोतो तिच्या प्रत्येक नातेवाइकाचा वेतोन घडाघडा सांगत होता आणि मशीन प्रत्येकाला नकार देत होतं. तिने माझी युक्ती पाळली असेलच याचीही आता खात्री राहिली नव्हती. समोरच्या आपल्या खोलीच्या खिडकीतून गेंदिस सगळं बघत होती. तिचे केस ओले होते आणि तोंड पांढरं पडलं होतं.

"राहू दे, लिक," ती म्हणाली. "मीच आईला सांगते, गाणी गेली म्हणून."

५

ती उठलीच होती, तेवढ्यात मशिदीतून अजान सुरू झाली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मगरिब झाली की नवरीने खोलीबाहेर पडायचं नाही. बू वुर्यानने डोळ्यांनीच तिला आत बसवलं. रस्त्यावर गाड्यांचे आवाज आले. तेगारकडची मंडळी फळं आणि कापडांच्या परड्या घेऊन पोचत होती, आणि पुढच्या गाडीतून म्बाह कासिनेम उतरताना मान हलवतच उतरली.

पाक सुमाराहने टोपी सारखी केली. "झालं," तो म्हणाला. "शनिवार लागला. लग्नाचा दिवस सुरू झाला."

बू वुर्यान जागच्या जागी थांबली. मग ती मशीनजवळ आली आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

"हे काय म्हणतंय?"

"शुक्रवार," मी म्हटलं.

"आणि सुमाराह म्हणतो शनिवार. दोघांत खोटं कोण?"

कुणीच नाही, मी म्हटलं. मशीनचा दिवस मध्यरात्री उलटतो, आपला मगरिबला. तेवढं बोलून मी पुन्हा तारखेकडे बघितलं. कारण मशीनसारखाच दिवस मोजणारी आणखी एक वस्तू जगात आहे, ती म्हणजे सरकारी जन्मदाखला.

बू वुर्यान प्रावोतोकडे वळली. गेंदिस जन्मली तेव्हा तू कुठे होतास? प्रावोतो म्हणाला, मंडळाबरोबर सोलोला, दोन दिवसांनी आलो. मग वेतोन कुणी काढला? माझ्या आईने, तो म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी गावाहून आली, सुईणीच्या कागदावर मंगळवार बघितला, आणि बारशाला सगळ्यांना सांगितलं, मंगळवार पोन. त्याची आई आता नाही, पण तिचं नाव काढलं तरी सुमाराह अजून पाठ ताठ करतो.

"आणि कागदावर वेळ काय होती?"

प्रावोतोला ठाऊक नव्हतं. ज्या बाईला ठाऊक होतं ती स्वयंपाकघरात टोफू तळत होती.

६

मी बू वुर्यानच्या मागे गेलो. तिने गाठोड्याचं नावही काढलं नाही. पातेल्यातला टोफूचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, गेंदिस झाली तेव्हा अजान झाली होती का गं?

बू सुकाप्तीने झारा खाली ठेवला. मग ती जवळ आली आणि कुजबुजली. मला ऐकायला वाकावं लागलं.

"झाली होती. शेजारणीने दिवा लावला, मग ती रडली. बुधवार लागला होता. बुधवार वागे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तेव्हा सासूबाईंपुढे बोलायची हिंमत नव्हती. लग्नाची बेरीज निघाली तेव्हा हिंमत होती, पण आवाज नव्हता. आणि कुजबुजून सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बेरीज जमवायला आईने वार बदलला." ती थांबली, दम घेतला, आणि माझ्याकडे बघून हसली. "उघडत नाहीये ना माझं गाठोडं?"

मी बू वुर्यानकडे बघितलं.

"सकाळपासून घरातला जो तो माझ्याकडे बघून हसतोय," ती म्हणाली. "एवढी हसणारी माणसं काहीतरी लपवत असतात. पण काय ते आत्ता कळलं. वर्गात तुम्ही सगळे खायला गेलात, तेव्हा मी करून बघितलं होतं. माझी गाणी, मीच कुलूप लावलं. मोडायचं राहिलं."

तिने कपड्यांना हात पुसले आणि स्वतः येऊन मशीनपुढे बसली. एका बोटाने टाकत गेली. शनिवार लेगी, बुधवार वागे. या वेळी मशीन घुमलं नाही की बसलं नाही. गाठोडं सुटलं, गाण्यांच्या ओळी पडद्यावर उतरल्या, आणि खिडकीतून गेंदिसची अशी किंकाळी आली की पाहुण्यांना वाटलं साप निघाला.

पाहुण्यांतून म्बाह कासिनेम काठी टेकत पुढे आली. तिच्या कानापासून काही सुटत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, डोळे बारीक केले, आणि म्हणाली की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलीचा वार बदलतो आणि नेमका एक अंक वाढतो, हे फारच सोयीचं झालं.

प्रावोतो लाल झाला. बू सुकाप्ती खाली बघत राहिली, इतके दिवस ज्याची भीती वाटली तेच झालं होतं. तेव्हा मी पुढे झालो. दिवसभर बोलणी खाल्ली होती, पण हा विषय माझा होता.

मी म्हाताऱ्या बाईला मशीनपुढे बसवलं आणि गाठोड्याची तारीख दाखवली. गेल्या वर्षीचे रोजे. तुमच्या नातवाची मोटरसायकल माझ्या दुकानासमोर बंद पडली ती त्यानंतरच्या ईदला, मी म्हटलं, आणि पाणी द्यायला गेंदिस बाहेर आली तेव्हा दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. हे गाठोडं बांधलं तेव्हा तेगार नावाचा कुणी आहे हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कुणाशी बेरीज जमवायला या बाईने बुधवार वागे लिहिला असेल? आणि एकदा कुलूप लागल्यावर आजपर्यंत ते कुणाला उघडता आलं नाही, त्याला हे सगळे साक्षीदार आहेत. होल्यासकट.

म्बाह कासिनेमने तारीख वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग बोटांच्या पेरांवर मोजायला लागली, एकदा सुलट, एकदा उलट. मोजून झाल्यावर ती बू सुकाप्तीजवळ गेली आणि तिचे तेलकट हात स्वतःच्या हातात घेतले.

"म्हातारपणापर्यंत सुख," ती म्हणाली. "मी उगाच पोरीला छळलं."

त्यानंतर त्या संध्याकाळी मी तिला मान हलवताना पाहिलं ते फक्त नको म्हणायला, ताटात चौथ्यांदा टोफू वाढत होते तेव्हा.

पाक प्रावोतो मात्र कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. बायकोने विचारलं, आता काय झालं. तो म्हणाला, सगळ्यांत लाडकं माणूस म्हणून तुला माझा वेतोन नाही सुचला?

"आणि तुम्हाला माझा सुचला होता वाटतं?" ती कुजबुजली. पेंडोपोतला प्रत्येक जण ते ऐकून हसला, सुमाराहची बायको सगळ्यांत जोरात.

७

दुसऱ्या दिवशी बाग्योने तो लाडका लाउडस्पीकर स्वतः पुसून पेंडोपोत आणला. सुमाराहने वादकांना सांगितलं की बाईंच्या आवाजाच्या मागे हळू वाजवा, पूर्वी वाजवायचात तसं, आणि मंडळाच्या अपमानाबद्दल कुणी काही बोललं नाही. बू वुर्यानने गेंदिसच्या कपाळावर अशी नक्षी काढली होती की तेगार पायरी चुकला.

मी बटण दाबलं. आवाज आला. मागे पाऊस पडत होता त्या पावसासकट आला. गेंदिस डोळे खाली घालून एकेक पाऊल पुढे येत होती, शिकवल्यासारखी. बू सुकाप्ती पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरत होती आणि ओठ हलवत होती, आणि मला कसलाच हिशेब राहिला नाही, मी सरळ रडलो.

गाणं संपलं. पण तिच्याच सांगण्यावरून मी कधी काही कापलं नव्हतं, म्हणून मशीन पुढे चालूच राहिलं. पावसाचा आवाज, कुणाचं तरी खाकरणं, आणि मग लाउडस्पीकरमधून, भरल्या मांडवात, बू सुकाप्तीचा साधा बोलण्याचा आवाज:

"झालं का रे, पार? बंद कर आता. गेंदिस उपाशी असेल, मी गेल्याशिवाय जेवत नाही ती."

गेंदिस थांबली. नवऱ्यापासून दोन पावलांवर, जिथे थांबायचं नसतं तिथे. डोक्यावरची सोन्याची फुलं थरथरली, आणि कपाळावरच्या नक्षीची पर्वा न करता ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. बू वुर्यानने कपाळाला हात लावला.

बू सुकाप्ती उठली. लेकीजवळ गेली, तिच्या कानाशी काहीतरी कुजबुजली, आणि माझ्याकडे वळून खुणेने सांगितलं की मशीन बंद कर. ती काय म्हणाली ते मी नंतर गेंदिसला विचारलं.

"विचारत होती," गेंदिस म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का."